प्रवाळ टाकीतील स्वयंचलित डोसिंग

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतील प्रवाळे सांगाडा बांधण्यासाठी पाण्यातून जेवढे कॅल्शियम आणि कार्बोनेट रोज उचलतात, तेवढेच मोजून, ठरल्या वेळी, छोट्या पंपाने पाण्यात परत घालण्याची पद्धत. शौकीन मंडळी तिला नुसते ‘डोसिंग’ म्हणतात आणि पंपाला ‘डोसर’. सोबत मॅग्नेशियम आणि काही वेळा सूक्ष्म मूलद्रव्येही दिली जातात, पण पद्धतीचा कणा कॅल्शियम आणि अल्कता हाच आहे.

खुल्या समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ४१० ते ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १,३०० मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असते. अल्कता, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट आणि कार्बोनेट यांचा साठा, जर्मन मापाने सुमारे ७ डीकेएच भरते. अॅक्रोपोरा, मोंटिपोरा यांसारखी कठीण प्रवाळे कॅल्शियम आणि अल्कता या दोहोंपासून अॅरागोनाइट रूपातले कॅल्शियम कार्बोनेट तयार करतात. १ डीकेएच अल्कता खर्च होते तेव्हा लिटरमागे कॅल्शियम फक्त ७ मिलिग्रॅमने घटते. या एका प्रमाणातून पुढचे सगळे निघते. रोज १ डीकेएच खाणाऱ्या टाकीत काहीच घातले नाही, तर कागदावरच्या हिशेबाने कॅल्शियम जवळजवळ दोन महिने पुरेल, अल्कता मात्र आठवड्यात संपेल. प्रत्यक्षात त्याआधीच प्रवाळांची वाढ मंदावते आणि त्यांचे जिवंत ऊतक सुटू लागते. म्हणून अनुभवी माणूस कॅल्शियम आठवड्यातून एकदा तपासतो, पण अल्कतेवरची नजर हलू देत नाही.

यंत्रे येण्याआधी ही भरपाई हातानेच होत असे. तिची सर्वांत जुनी रीत मराठी घराला अनोळखी वाटणार नाही, कारण ती चुन्याची निवळी आहे. जर्मन भाषेत ‘काल्कवासर’ म्हटले जाणारे हे द्रावण पीटर विल्केन्स यांनी १९७०च्या दशकात प्रवाळ पाळणाऱ्यांमध्ये रुजवले. बाष्पीभवनाने उडालेल्या पाण्याच्या जागी निवळी सोडली की कॅल्शियम आणि अल्कता नेमक्या हव्या त्या प्रमाणात एकदम मिळतात. पानाच्या चुन्याची शुद्धता ठाऊक नसते, त्यामुळे तो न वापरता शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्यावे लागते. निवळीचा सामू (पीएच) १२ च्या वर असल्याने ती थेंबाथेंबानेच सोडावी लागते. शिवाय लिटरभर पाण्यात दीड ग्रॅमच्या आसपासच चुना विरघळतो आणि निवळी द्यायची ती उडालेल्या पाण्याइतकीच, म्हणून तिचा पुरवठा मर्यादित राहतो. प्रवाळे दाट झाली की ती अपुरी पडते.

दुसरी वाट हान्स-वेर्नर बालिंग यांनी १९९०च्या दशकात घालून दिली. एका डब्यात कॅल्शियम क्लोराइड आणि दुसऱ्यात सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे आपला खाण्याचा सोडा. दोन्हींतले कॅल्शियम आणि बायकार्बोनेट प्रवाळे उचलतात, मागे सोडियम आणि क्लोराइड उरतात. म्हणजे पाण्यात साध्या मिठाची भर पडत राहते. समुद्राच्या इतर क्षारांशी त्याचे प्रमाण बिघडू नये म्हणून बालिंग यांनी साधे मीठ वगळलेल्या समुद्री क्षारांचे तिसरे द्रावण जोडले. आजचे बहुतेक डोसर याच दोन किंवा तीन डब्यांच्या रचनेवर चालतात. मोठ्या टाक्यांत कॅल्शियम रिअॅक्टरही असतो. त्यात कार्बन डायऑक्साइडने आम्ल केलेले पाणी प्रवाळांच्या मृत सांगाड्यांचे तुकडे विरघळवते.

डोसरमधला पंप पेरिस्टाल्टिक जातीचा असतो. फिरणारे रूळ मऊ नळी दाबत पुढे सरकतात आणि नळीतले द्रावण ढकलले जाते. द्रावण यंत्राच्या भागांना कुठेच लागत नाही, त्यामुळे चुना किंवा क्षार आत साचून मोटर अडकत नाही. मात्र नळी दाबली जाऊन सैल होते आणि मिनिटाला पडणारे मिलिलिटर हळूहळू बदलतात. स्टेपर मोटरचे, म्हणजे ठरावीक टप्प्यांनी फिरणाऱ्या मोटरचे, पंप फेऱ्या अचूक मोजतात, पण झिजलेल्या नळीपुढे त्यांचाही इलाज चालत नाही. दर काही आठवड्यांनी मोजपात्रात द्रावण पाडून अंशांकन करणे हाच उपाय आहे.

मात्रा ठरवताना यंत्र बंद ठेवतात. दोन-तीन दिवस एकाच वेळी अल्कता मोजायची आणि घट काढायची. समजा २०० लिटरच्या टाकीत रोज १ डीकेएच घटते. ती भरायला सुमारे ६ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो आणि जोडीला सव्वापाच ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट. सोड्याचे द्रावण लिटरला ६० ग्रॅमचे केले, तर दिवसाला १०० मिलिलिटर होतात, म्हणजे तासाला जेमतेम ४. दिवसातून एकदा १ डीकेएचची उडी मारण्याऐवजी अल्कतेचा आकडा जवळजवळ सपाट राहतो. यंत्राचा खरा फायदा कष्ट वाचण्यापेक्षा या सपाटपणात आहे. अल्कतेचा वाटा रात्रीकडे जास्त ठेवण्याचीही पद्धत आहे, कारण प्रकाशसंश्लेषण थांबल्यावर टाकीचा सामू उतरतो. दोन द्रावणे मात्र एकाच जागी, एकाच वेळी पडता कामा नयेत. तसे झाले की पाण्यात पांढरा ढग उठतो, घातलेले द्रव्य कॅल्शियम कार्बोनेटच्या भुकटीच्या रूपात तळाला बसते आणि पंप, हीटर यांवर पुटे चढतात. म्हणून दोन्हींत काही मिनिटांचे अंतर ठेवून ती जोराच्या प्रवाहात सोडतात.

यंत्र थांबले तर प्रवाळे काही दिवस निभावतात, पण ते न थांबता चालत राहिले तर टाकी एका रात्रीत जाऊ शकते. वरच्याच उदाहरणातला सोड्याचा एक लिटरचा डबा पूर्ण रिकामा झाला, तर अल्कता एकदम १० डीकेएचने चढेल. म्हणून डबा आठवड्याभराच्या गरजेपेक्षा फार मोठा नसावा, हे मत इथे आग्रहाने नोंदवावेसे वाटते. पाच लिटरचा डबा सोयीचा वाटतो, पण तो टाकीशेजारी ठेवलेला धोका आहे. नळीचे टोक पाण्यात बुडवू नये, नाहीतर सैल नळीतून सायफन लागतो. टोकावर धरणारी पांढरी खपली वेळोवेळी पुसावी. वीज जाऊन आल्यावर काही स्वस्त यंत्रांचे घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होते, तेही तपासावे.

अलीकडे अल्कता स्वतः मोजणारी यंत्रे आली आहेत. ती टाकीतले पाणी थोडे काढून आम्लाने अनुमापन करतात, म्हणजे किती आम्ल लागते त्यावरून अल्कता काढतात, आणि आकड्यानुसार मात्रा कमीजास्त करतात. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारी ‘रीफ-पाय’ ही मुक्त प्रणाली वापरून घरी नियंत्रक बांधणारेही पुष्कळ आहेत. मोजमापच चुकले तर यंत्र तीच चूक दिवसभर अमलात आणते, म्हणून दुरुस्तीला दिवसाची कमाल मर्यादा घालतात आणि हाताची चाचणी चालू ठेवतात. मात्रा तीच असताना अल्कता वर चढू लागली, तर आधी प्रवाळांकडे पाहावे. तापमान चढले किंवा रोग लागला की ती सांगाडा बांधणे थांबवतात आणि ही खूण रंग उडण्याआधी आकड्यात उमटू शकते.

भारतात सर्व कठीण प्रवाळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किनाऱ्यावरून किंवा विजयदुर्गच्या पश्चिमेला समुद्रात बुडालेल्या अँग्रिया बँक या पठारावरून प्रवाळ उचलून टाकीत ठेवणे गुन्हा आहे. झोअँथिड आणि चामडी प्रवाळे यांसारखे मऊ प्रकार दगडी सांगाडा बांधत नाहीत. नुसत्या त्यांच्याच टाकीत अल्कता फार सावकाश घटते आणि नियमाने थोडे पाणी बदलले की बहुधा डोसर लागतच नाही.