क्रिया मोजणारे शब्द: चिनी भाषेतील एका व्याकरणिक वर्गाची घडण

आजच्या चिनी भाषेत एखादी कृती किती वेळा केली हे सांगायचे, तर क्रियापद आणि संख्या एवढ्यावर सहसा भागत नाही. दोघांच्या जोडीला एक तिसरा शब्द लागतो, आणि तो कोणता हे क्रियेच्या स्वरूपावरून ठरते. आरंभापासून अखेरपर्यंत पुरे केलेले वाचन ‘ब्येन’ या शब्दाने मोजतात, जाऊन येण्याची खेप ‘थांग’ने, हाताचा किंवा काठीचा फटका ‘श्या’ने, आणि असे कोणतेच वैशिष्ट्य सांगायचे नसेल तेव्हा साधे ‘त्स’ वापरतात. अशा शब्दांना या लेखापुरते आपण क्रियागणक म्हणू. (उच्चार आजच्या प्रमाण चिनीचे दिले आहेत, प्राचीन उच्चार बरेच वेगळे होते.)

चिनी भाषेत वस्तू मोजणारे गणक पुष्कळ जुने आहेत, पण क्रिया मोजणारे गणक त्यांच्या मानाने उशिरा आले. प्राचीन चिनीत संख्या थेट क्रियापदाच्या आधी येई आणि मध्ये काहीही नसे. मराठीतल्या ‘तीनदा’मधला ‘दा’ काढून टाकला तर जे उरेल, तेच तिथले पूर्ण व्याकरण होते. कन्फ्यूशियसच्या वचनसंग्रहात जी वन्त्स नावाच्या सरदाराविषयी म्हटले आहे की तो तीनदा विचार करून मगच कृती करीत असे. मूळ शब्द केवळ ‘तीन विचार-करणे’ असे आहेत. हे ऐकून कन्फ्यूशियस म्हणाला की दोनदा पुरे. त्याच्या या उत्तरात ‘दोन’ हा संख्याशब्द नसून ‘दोनदा’ या अर्थाचा ‘त्साय’ हा स्वतंत्र शब्द आहे. आज या शब्दाचा अर्थ ‘पुन्हा’ असा झाला आहे. मेंग्त्स (मेन्शियस) या तत्त्वज्ञाच्या ग्रंथातही पूर आवरण्यासाठी आठ वर्षे घराबाहेर राहिलेला राजा यू आपल्या दारावरून ‘तीन जातो’ आणि आत शिरत नाही. इ.स.पू. ५८९मध्ये झालेल्या आनच्या लढाईत छी राज्याच्या सैन्याचा पाठलाग करणाऱ्यांनी ह्वाफूचू डोंगराला तीन वेढे घातले. त्या वृत्तांतातला ‘चोउ’ हा शब्द तिथे ‘फिरणे’ या अर्थाचे क्रियापद आहे, तो पुढे फेरा मोजणारा गणक झाला.

मग या भाषेला तिसऱ्या शब्दाची गरज का पडली? माझ्या मते याचे उत्तर शब्दांपेक्षा वाक्यातल्या जागेत अधिक सापडते. क्रियेच्या संख्येवर भर द्यायचा असला, की प्राचीन लेखक तिला वाक्याच्या शेवटी नेत. इ.स.पू. २०६मधल्या होंगमनच्या मेजवानीत सल्लागार फान त्संग आपल्या धन्याला कमरेचे जेड उचलून वारंवार खूण करतो. इतिहासकार स-मा छ्येन ही घटना ‘उचलून दाखवले ते तीन’ अशा रचनेत लिहितो. वैद्यकाच्या ग्रंथांत हीच रचना अधिक आटोपशीर होते. छांगशा शहराजवळच्या मावांगद्वे येथील इ.स.पू. १६८मध्ये बंद केलेल्या थडग्यातून १९७३मध्ये रेशमावर लिहिलेले उपचारग्रंथ निघाले. त्यांत चामखिळीवरचा एक तोडगा असा आहे, की जुन्या झाडूने ती ‘झाडावी दोन-सात’, म्हणजे चौदा वेळा. आणि मंत्रोपचारात ‘यूची पावले तीन’ (वर आलेल्या राजा यूच्या नावाने ओळखली जाणारी विधीतली पावले) टाकावीत. संख्या क्रियापदाच्या मागे येऊन बसली आहे, पण ती एकटीच आहे. जागा आधी तयार झाली आणि तिथे बसणारा शब्द नंतर आला.

तो शब्द कसा आला, हे हान राजवंशाच्या काळातल्या (इ.स.पू. २०६ ते इ.स. २२०) काही संदिग्ध वाक्यांतून दिसते. हान राजवंशाचा संस्थापक ल्यू बांग याने वान शहराला ‘तीन त्सा’ वेढले, असे स-मा छ्येन लिहितो. ‘त्सा’ म्हणजे फिरून पुन्हा मूळ जागी येणे. इथे ते तीन वेढ्यांचे नाव आहे की वेढण्याच्या क्रियेची मोजणी, हे निश्चित सांगता येत नाही. असाच दुसरा दाखला सत्ता बळकावून सम्राट झालेल्या वांग मांगचा आहे. इ.स. २०मध्ये पूर्वजांच्या मंदिरांचे बांधकाम पाहायला गेला असता त्याने माती ठोकायचे अवजार स्वतः उचलून ‘तीन श्या’ केले. ‘श्या’चा मूळ अर्थ ‘खाली’ किंवा ‘खाली आणणे’. अवजार तीनदा खाली आणले असाही अर्थ लागतो आणि तीन ठोके दिले असाही. वाचणाऱ्याला दोन्ही अर्थ सारखेच पटतात, तेव्हाच शब्दाला जुने काम सोडून नवे काम धरता येते. पुढे माराचे फटकेही ‘श्या’ने मोजले जाऊ लागले आणि ‘खाली’ या मूळ अर्थाची गरज उरली नाही. सुरुवातीचे हे गणक फेरा, ठोका अशा, जिचा प्रत्येक आवर्त डोळ्यांना वेगळा दिसतो, त्या क्रियांसाठी तयार झाले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

खरा बहर आला तो हान साम्राज्य मोडल्यानंतरच्या, साधारण इ.स. २२० ते ५८९ या काळात. या काळातल्या गणकांचा पद्धतशीर अभ्यास ल्यू शर्‌रू या संशोधकाने १९६५मध्ये प्रसिद्ध केला. तिसऱ्या शतकातला विद्वान दोंग यू शिकायला आलेल्यांना आधी शंभर ‘ब्येन’ वाचून या, असे सांगून परत पाठवी. शंभरदा वाचले की अर्थ आपोआप उलगडतो, हे त्याचे म्हणणे आजही चिनी शाळांत ऐकू येते. सहाव्या शतकात ज्या सस्ये याने लिहिलेल्या शेतीच्या ग्रंथात तर ‘ब्येन’चा सुकाळ आहे. खुरपणी दहा ‘ब्येन’ केली तर बाजरीवर्गीय धान्याचे कोंडा जाऊन दहातले आठ भाग दाणे मिळतात, असे तो सांगतो, आणि तण दिसत नाही म्हणून खुरपणी थांबवू नका, असेही बजावतो. विद्वानांच्या बैठकीत आणि शेताच्या बांधावर एकच शब्द चालत होता, यावरून तो बोलीत किती मुरला होता याचा अंदाज येतो. याच सुमारास भारतातून आलेल्या बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरांत बुद्धाला घातलेल्या तीन प्रदक्षिणा ‘उजवीकडून तीन त्सा’ अशा लिहिल्या गेल्या. वान शहराच्या वेढ्याचा शब्द त्या कामी अगदी चपखल बसला.

थांग राजवंशाच्या काळात (इ.स. ६१८ ते ९०७) ‘ह्वे’ (मूळ अर्थ ‘वळणे’) आणि ‘दू’ हे गणक पुढे आले. आठव्या शतकातला कवी दू फू एका संगीताविषयी म्हणतो की हे गाणे स्वर्गातलेच असावे, माणसांच्या जगात ते किती ‘ह्वे’ ऐकायला मिळणार! पुढे कथेकऱ्याच्या एका बैठकीलाही ‘ह्वे’ म्हणू लागले, आणि म्हणून जुन्या चिनी कादंबऱ्यांच्या प्रकरणांचे नाव ‘ह्वे’च आहे. जेवणाच्या वेळा मोजणारा ‘दुन’ थांगकालीन शिक्षांच्या आदेशांत काठीच्या मारासाठीही वापरला जाऊ लागला. आज चिनीत एक ‘दुन’ जेवताही येते आणि एक ‘दुन’ मारही खाता येतो. जपानी भाषेने ‘दू’, ‘ह्वे’ आणि ‘ब्येन’ हे तिन्ही उसने घेतले आणि ते तिथे अजून रोजच्या बोलण्यात आहेत, तर चिनीत मात्र ‘दू’ पुस्तकी झाला.

त्यानंतरचा नवा प्रकार शरीराच्या अवयवांचा आणि हत्यारांचा. ‘एक पाय लाथाडणे’, ‘एक डोळा पाहणे’, ‘एक सुरा कापणे’ या रचनांत क्रिया जिने होते, त्या वस्तूनेच ती मोजली जाते. दहाव्या शतकातल्या ‘छान’ (जपानी झेन) या बौद्ध पंथाच्या गुरुशिष्य-संवादांत असे प्रयोग सर्रास दिसतात, कारण ते संवाद बोलीभाषेत टिपलेले आहेत आणि त्यांतले गुरू शिष्यांवर खेकसायला व काठी उगारायला मागेपुढे पाहत नसत. तिथेच क्रियापद स्वतःचेच गणक बनते: गुरू ‘एक ओरडणे ओरडतो’. सोंग राजवंशाच्या काळात (इ.स. ९६० ते १२७९) ‘पाहा एक पाहा’ अशी रचना रुळली, तिच्यातला ‘एक’ पुढे गळाला, आणि आजचे ‘खान-खान’, म्हणजे ‘जरा पाहून घे’, तयार झाले. इथे मोजणी संपून केवळ सौम्यपणा उरला आहे.

आज सर्वाधिक चालणारा ‘त्स’ या सगळ्यांत उशिरा पुढे आला. त्याचा मूळ अर्थ ‘क्रम’. पहिली खेप, दुसरी खेप अशा क्रमवाचक वापरातून तो नुसत्या संख्येकडे सरकला, आणि कोणत्याही क्रियेला चालतो म्हणून गेल्या दोन-तीन शतकांत त्याने बाकीच्यांची बरीच जागा घेतली. तैवानच्या मिन्नान बोलीत मात्र त्याच्याऐवजी ‘पाय’ हा वेगळाच शब्द रूढ आहे.