एलएमए ते आय-जेल: पोटासाठी वेगळी वाट

पूर्ण भूल दिल्यावर श्वासमार्ग राखायला पूर्वी मुख्य पर्याय दोनच. चेहऱ्यावर मास्क हाताने दाबून धरायचा, म्हणजे भूलतज्ज्ञाचे हात अडकले. नाहीतर लॅरिंगोस्कोपने स्वरयंत्र पाहून श्वासनलिकेत नळी घालायची. मधला मार्ग १९८१ मध्ये लंडनला डॉ. आर्ची ब्रेन यांनी काढला. दंतोपचाराच्या भुलीत नाकावर बसणाऱ्या गोल्डमन मास्कचा कफ (हवेने फुगणारी कड) नळीला जोडून त्यांनी सुरुवातीचे नमुने केले. १९८८ मध्ये हा एलएमए (लॅरिंजियल मास्क एअरवे, म्हणजे स्वरयंत्रावर बसणारा मास्क) ब्रिटनमध्ये विक्रीला आला.

याचा फुगवलेला कफ स्वरयंत्राच्या तोंडाभोवती बसतो, टोक अन्ननलिकेच्या मुखाशी. उणीव तिथेच होती. साधारण २० सेंमी पाण्याच्या दाबापुढे कफच्या कडेने हवा सुटते, काही पोटात जाते. आणि पोटातले वर आले तर ते फुप्फुसात जाऊ शकते. गळती थांबवायला कफ आणखी फुगवण्याचा मोह होतो, तो टाळावा. कफमधला दाब ६० सेंमीच्या वर गेला की घसा दुखतो, क्वचित जिभेच्या नसाही दबतात. नायट्रस ऑक्साइड सिलिकॉनमधून आत शिरून हा दाब आपोआप वाढवतो, म्हणून तो मॅनोमीटरनेच मोजायचा.

खरा फरक २००० मध्ये प्रोसील या सुधारित एलएमएने पडला. त्यात पोटासाठी स्वतंत्र ड्रेन ट्यूब आली आणि गळतीचा दाब ३० च्या आसपास गेला. २००७ मध्ये आलेल्या आय-जेलने फुगवायचा कफच काढून टाकला. मऊ जेलसारखा भाग घशाच्या आकारात बसतो. ४ नंबरचे आय-जेल ५० ते ९० किलोच्या रुग्णाला, त्याच्या ड्रेनमधून १२ फ्रेंच मापाची रायल्स ट्यूब (पोटात घालायची बारीक नळी) जाते. ती अडली तर उपकरणाचे टोक दुमडल्याची शंका घ्यावी. ड्रेनच्या तोंडावर जेलीचा थेंब ठेवा. श्वास देताना त्यात बुडबुडे आले तर उपकरण पुरेसे खोल गेलेले नाही.

ब्रिटनच्या २०११ च्या राष्ट्रीय पाहणीत, भूल देताना श्वासमार्गाच्या गुंतागुंतीतून झालेल्या मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण पोटातले फुप्फुसात जाणे हेच निघाले. ड्रेन असलेल्या उपकरणांचा आग्रह त्यानंतर वाढला.

तरीही ड्रेन म्हणजे पूर्ण संरक्षण नव्हे. नागपुरात मेडिकल असो की मेयो, कोणतेही सरकारी रुग्णालय असो, सकाळी तर्री-पोहे खाऊन आलेल्या रुग्णाचे ठरलेले ऑपरेशन निदान ८ तास पुढे ढकलावे, दुधाच्या चहालाही ६ तास धरावेत. तातडीचे असेल तर आय-जेल बाजूला ठेवून श्वासनलिकेत कफवाली नळीच घालावी.