विंडोजवरून लिनक्स, लिनक्सवरून मॅक: हे रिमोट कनेक्शन आलं कुठून?

विंडोजवरून लिनक्सच्या मशीनला जोडायचं म्हणजे आज आयपी टाकला, पासवर्ड टाकला की काम झालं, त्यामुळे यात कधी काही अवघड होतं हे लक्षातच येत नाही. पण वेगळ्या सिस्टिमची मशीनं एकमेकांना जोडायची कशी, हा प्रश्न नेटवर्क जन्माला आलं तेव्हापासून समोर होता. 29 ऑक्टोबर 1969 ला कॅलिफोर्नियात यूसीएलएच्या सिग्मा 7 वरून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या एसडीएस 940 वर लॉगिन करायला घेतलं, एल आणि ओ ही दोन अक्षरं पोचली आणि पलीकडची सिस्टिम क्रॅश झाली, तासाभराने मग जमलं. वर्षअखेरीस या नेटवर्कवर, म्हणजे अर्पानेटवर, चार ठिकाणं होती आणि चारही ठिकाणची मशीनं वेगळी, सिस्टिमही वेगळ्या.

यावर टेलनेटवाल्यांनी (टेलनेट म्हणजे दूरच्या मशीनवर लॉगिन करायची पद्धत) जी युक्ती काढली ती मला अजूनही फार आवडते. प्रत्येक सिस्टिमने बाकी सगळ्यांची भाषा शिकत बसायचं नाही, मधे एक काल्पनिक टर्मिनल धरायचं आणि दोघांनी त्याच्याशीच बोलायचं. म्हणजे युनिक्समध्ये ओळ एका खुणेने संपते, डॉसमध्ये दोन खुणांनी, पण तारेवरून जाताना ती दोन खुणांनीच जाणार, पुढे आपापलं बघा. 1983 मध्ये याचं स्टँडर्ड पक्कं झालं. पासवर्ड मात्र उघडाच जायचा, आणि हेलसिंकीच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत कोणीतरी नेटवर्कवर बसून पासवर्ड चोरल्यावर टाटू यलोनेनने 1995 मध्ये एसएसएच लिहिलं, त्यात सगळं एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे कुलूपबंद होऊन जातं.

हे झालं अक्षरांचं, चित्रांचं काय? एमआयटीत 1984 मध्ये एक्स विंडो सुरू झालं, प्रोग्राम तिकडे चालणार आणि खिडकी इकडे उघडणार, पण त्यासाठी इकडे ती खिडकी काढून दाखवणारा एक्स सर्व्हर लागतो आणि विंडोजमध्ये तो आयता नव्हता.

खरी वाट मोकळी केली व्हीएनसीने, म्हणजे दूरच्या मशीनची स्क्रीन आपल्याकडे दाखवणाऱ्या प्रोग्रामने. केंब्रिजच्या ऑलिव्हेट्टी रिसर्च लॅबमधलं हे काम, 1998 मध्ये सोर्सकोडसकट फुकट दिलं. कल्पना इतकी साधी की आधी कोणाला सुचली कशी नाही असं वाटतं: स्क्रीनवरच्या अमुक जागी पिक्सेलचा हा चौकोन ठेव, बस. बटण काय, मेनू काय, खाली कुठली सिस्टिम, व्ह्यूअरला काही घेणंदेणं नाही. उलट दिशेने जातात फक्त माऊस आणि की. कीचे नंबर एक्स विंडोचेच घेतलेत, म्हणून विंडोजवरून मॅकला जोडलं, दोन्हीकडे एक्सचा पत्ता नसला, तरी एंटर दाबल्यावर एक्सचाच नंबर जातो. पुढे त्यात युनिकोडचीही (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना दिलेल्या नंबरांची) सोय झाली, 'क' चा युनिकोड 0915 तर तारेवरून 01000915, पण पलीकडच्या सर्व्हरला हे कळत नसेल तर मराठी अक्षर वाटेतच गळतं, म्हणून मराठी टाइप होत नसेल तर आधी सर्व्हर तपासा. जुन्या पद्धतीत पासवर्डची पहिली आठच अक्षरं धरली जायची आणि चित्रही एन्क्रिप्ट नसायचं, त्यामुळे जाणकार लोक व्हीएनसी एसएसएचच्या टनेलमधून चालवायचे, आणि जुना सर्व्हर असेल तर आजही तसंच करावं.

मायक्रोसॉफ्टची वाट वेगळी. सिट्रिक्स कंपनीकडून 1997 मध्ये तंत्रज्ञान घेतलं आणि 1998 मध्ये विंडोज एनटी 4.0 च्या टर्मिनल सर्व्हर एडिशनबरोबर आरडीपी, म्हणजे रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉल, आलं. इथे नुसते पिक्सेल नाहीत, रेघ काढ, हा फॉन्ट वापर अशा ड्रॉइंगच्या सूचनाही जातात, त्यामुळे स्लो लाइनवर ते व्हीएनसीपेक्षा पुष्कळ सुरळीत चालायचं, पण विंडोजच्या पोटातल्या गोष्टी माहीत असल्याशिवाय बाहेरच्याला क्लायंट, म्हणजे इकडून जोडणारा प्रोग्राम, लिहिता येईना. लिनक्सवाल्यांनी तो प्रोटोकॉल उलगडून आरडेस्कटॉप लिहिलं, त्यातूनच 2009 मध्ये फ्रीआरडीपी निघालं. नंतर मायक्रोसॉफ्टने कागदपत्रं खुली केली, स्वतःच्या विंडोज 10 मध्ये 2018 ला ओपनएसएसएच आयतं दिलं, आणि 2022 च्या ग्नोम 42 पासून (ग्नोम म्हणजे लिनक्सवरचा एक डेस्कटॉप) लिनक्सचा डेस्कटॉप शेअर करायला ग्नोमच्या सेटिंगमध्येच आरडीपी मिळतं, म्हणजे विंडोजमधल्या नेहमीच्या रिमोट डेस्कटॉपने थेट उबुंटू लिनक्स उघडता येतं.