बिशप मारियसची नोंद आणि जिनिव्हा सरोवराच्या तळाचा गाळ

आजच्या स्वित्झर्लंडमधल्या आव्हांशचे बिशप संत मारियस यांनी इ.स. ४५५ ते ५८१ या काळाची त्रोटक बखर लॅटिनमध्ये लिहिली. ५६३ सालची नोंद अशी: टॉरेडुनमचा डोंगर अचानक कोसळला, शेजारचा किल्ला आणि गावं माणसांसकट गाडली गेली. जिनिव्हा सरोवर असं उसळलं की दोन्ही काठांवरची जुनी गावं गुराढोरांसह उद्ध्वस्त झाली. जिनिव्हाचा पूल आणि पाणचक्क्या मोडल्या, पाणी शहरात शिरलं, माणसं मेली.

त्यांचे समकालीन, फ्रान्समधल्या तूर शहराचे बिशप संत ग्रेगरी वेगळं सांगतात. दरडीने सरोवराला येऊन मिळणारी ऱ्होन नदी अडली, पाणी तुंबलं, मग बांध फुटला आणि पाणी जिनिव्हाचा तट ओलांडून गेलं. इथे हिशेब करून पाहावा. सरोवराचं क्षेत्रफळ सुमारे ५८० चौ. किमी. म्हणजे पातळी नुसती एक मीटरने चढवायलाही ५८ कोटी घनमीटर पाणी हवं. पुराने सरोवर भरून तट बुडाला, हे पटणं कठीण आहे.

उलगडा तळाशी झाला. नावेतून ध्वनिलहरी खाली सोडायच्या आणि गाळाच्या थरांवरून परतणारे प्रतिध्वनी मोजायचे, या पद्धतीने जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांना १० किमीहून लांब, ५ किमी रुंद आणि सरासरी ५ मीटर जाड असा, एकाच वेळी घसरून आलेल्या गाळाचा एकसंध थर सापडला. आकारमान किमान २५ कोटी घनमीटर. कार्बन-१४ मापनाने त्याचा काळ इ.स. ३८१ ते ६१२ यांदरम्यान आला. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

नदीच्या मुखाशी साचलेला गाळ सैल आणि पाण्याने भरलेला असतो. त्यावर दरडीचा भार एकदम आदळला की कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि अख्खा उतार सरोवरात घसरतो. लाट उठते ती या घसरणीने. अशा लाटेचा वेग खोलीवर ठरतो: ३०० मीटर खोलीत ताशी सुमारे १९५ किमी, ७० मीटरमध्ये जेमतेम ९५. दूरच्या टोकाला, जिनिव्हाकडे, सरोवर उथळही होतं आणि अरुंदही. पुढचं पाणी मंदावतं, मागचं त्यावर चढतं, म्हणून इतक्या लांबही लाट विरत नाही. संगणकीय प्रारूपानुसार १५ मिनिटांत लोझानला १३ मीटरची आणि ७० मिनिटांत जिनिव्हाला ८ मीटरची लाट धडकली.

मारियस सरोवर ६० मैल लांब, २० मैल रुंद सांगतात. रोमन मैलाने ते ८९ आणि ३० किमी होतं. प्रत्यक्षात ७३ आणि १४. अंतरं फुगली आहेत, पण दोन्ही काठांवर एकाच वेळी झालेला विध्वंस त्यांनी अचूक टिपला, आणि लाटेची खरी खूण तीच.

ऱ्होन आजही मुखाशी गाळ टाकते आहे. तो उतार घसरायला डोंगरच कोसळायला हवा असं नाही. भूकंपाचा हादरा किंवा साचलेल्या गाळाचं स्वतःचं वजनही पुरतं.