उजनीच्या पाण्याखालचा नकाशा

उन्हाळ्यात भीमा नदीवरच्या उजनी धरणाचं पाणी मायनसमध्ये, म्हणजे वापरायच्या साठ्याच्याही खाली, गेलं की बुडालेल्या पळसदेवच्या देवळाचं शिखर वर येतं, कुगावच्या इनामदार वाड्याच्या भिंती उघड्या पडतात आणि आठवडाभर तेच फोटो मोबाइलवर फिरत राहतात. पण त्या गावांना वाट कुठून जायची, नदी वेशीपासून किती लांब होती, हे फोटोत कळत नाही. त्याला जुना नकाशाच लागतो.

अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने १९५० च्या दशकात भारताचे अडीच लाखास एक प्रमाणाचे नकाशे छापले. ते आज फुकट उतरवून घेता येतात. त्यात करमाळ्याच्या बाजूला जलाशय नाहीच. भीमा एक बारीक रेघ होऊन वळणं घेत जाते आणि रेल्वे तिला डिकसळजवळ ओलांडते. हा मार्ग १८५८ मध्ये पुण्याहून डिकसळपर्यंत आला, १८६० मध्ये सोलापूरला पोचला. पुढे उजनीचं ११७ टीएमसीचं (म्हणजे ११७ अब्ज घनफूट पाण्याचं) धरण आलं, ते १९८० मध्ये पुरं झालं. त्यासाठी रूळ बाजूला हलवावे लागले. रेल्वेचा जुना पूल सडकेच्या वाहतुकीला उरला. आजच्या नकाशावर जुना ठेवून पाहिला की गाडीचं वळण तिथे का, ते लगेच उमगतं.

कुर्डुवाडी स्टेशनाचं जुनं नाव बार्शी रोड. १८९७ मध्ये तिथून बार्शीला अडीच फुटी छोटी रेल्वे निघाली, १९०६ मध्ये ती पंढरपूरला गेली. ब्रॉडगेज झाल्यावर तिचा बराच माग पुसला गेला.

माझ्या मते खरी गंमत सर्व्हे ऑफ इंडियाच्या, म्हणजे सरकारी नकाशा खात्याच्या, इंची नकाशांत आहे, म्हणजे एक इंचाला एक मैल. त्यात कोरडा ओढा काळ्या रेघेने आणि पाणी निळ्याने दाखवतात. सोलापूरच्या पत्रकावर, म्हणजे त्या भागाच्या नकाशाच्या कागदावर, काळ्याच रेघा जास्त. निळा ठसा उठून दिसतो तो १८७१ च्या हिप्परगा तलावाचा. स्वातंत्र्याआधीच्या पत्रकांवर सरहद्दीही वेगळ्या. अक्कलकोट संस्थान निराळं, आणि तुळजापूरकडे निघालं की निजामाचा मुलूख. आमच्याकडची म्हातारी माणसं त्या भागाला अजून ‘मोगलाई’च म्हणतात.

माणसांबद्दल मात्र ही पत्रकं फार बोलत नाहीत. विहीर दिसते, तिच्यावर पाणी कोण भरू शकत होतं, ते नाही.