लॅप की लीड? छोट्या वाफेच्या इंजिनाचा व्हॉल्व्ह बसवताना

साडेतीन किंवा पाच इंची गेजवर धावणारं वाफेचं छोटं इंजिन बांधणाऱ्यांचा हात बॉयलर, सिलिंडर, चाकं इथपर्यंत छान चालतो. गाडी अडते ती व्हॉल्व्ह गिअर (व्हॉल्व्ह पुढेमागे हलवणारी यंत्रणा) लावताना, आणि बऱ्याचदा त्यामागे असते लॅप आणि लीड यांची गल्लत. दोन्ही मापं व्हॉल्व्हच्या एकाच कडेपाशी घ्यायची, त्यामुळे एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी जातो.

साधा डी-आकाराचा स्लाइड व्हॉल्व्ह घ्या. स्टीम चेस्टचं (व्हॉल्व्ह बसतो त्या वाफेच्या पेटीचं) झाकण काढून व्हॉल्व्ह उचलला की खाली तीन खाचा दिसतात : टोकाच्या दोन सिलिंडरकडे जाणाऱ्या, मधली वापरलेली वाफ बाहेर सोडणारी. व्हॉल्व्ह परत ठेवून बरोबर मध्यावर आणा. टोकाच्या खाचेची बाहेरची कड ओलांडून तो जेवढा पुढे येतो, तेवढा लॅप. (पिस्टन व्हॉल्व्हच्या बहुतेक इंजिनांत, भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूपी इंजिनासारख्या, वाफ मधून येते, तिथे आतली कड धरायची.) हा लॅप धातूतच कापलेला असतो. नट कितीही पिळा, तो तसूभर बदलत नाही.

लीड बघायला व्हॉल्व्ह नव्हे, क्रँक ठरावीक जागी हवा. क्रँक डेड सेंटरवर, म्हणजे पिस्टन टोकाला असताना त्या बाजूची खाच जेवढी उघडलेली, तेवढं लीड.

लॅपचं काम मोठं आहे. त्याच्यामुळे वाफ स्ट्रोक संपायच्या आत तोडली जाते आणि कोंडलेली वाफ फुगत फुगत उरलेला स्ट्रोक रेटते. लॅप नसेल तर शेवटपर्यंत ताजी वाफ आत येते आणि जोर शिल्लक असतानाच धुराड्यातून निघून जाते. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण ब्रिटनमधलं, ‘फ्लाइंग स्कॉट्समन’च्या ए१ वर्गाचं. १९२५ मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वे कंपनीच्या ‘कॅसल’ इंजिनांशी तुलनेच्या चाचण्या झाल्या आणि त्यांत ए१ कोळसा जास्त खातं हे उघड झालं. मग ए१ चे रचनाकार ग्रेस्ली यांच्या कारखान्यात व्हॉल्व्हचा प्रवास वाढवून लॅप १ १/४ इंचावरून १ ५/८ इंच केला गेला. मैलामागे साधारण ५० पौंड लागणारा कोळसा चाळिशीच्या आत आला.

लीडची मिजास त्यामानाने कमी. स्ट्रोक सुरू होताना वाफ दाराशी हजर असावी, एवढंच त्याचं काम. जास्त झालं तर पिस्टन टोकाला पोचण्याआधीच समोरून वाफ येऊन त्याला अडवते आणि सावकाश चालताना इंजिन अडखळतं. माझं मत विचाराल तर मॉडेलमध्ये लीड थोडं कमी पडलेलं परवडलं.

आता दोघांचा संबंध. समजा व्हॉल्व्हचा पूर्ण प्रवास १० मिमी, लॅप २.५ आणि लीड ०.२ मिमी. डेड सेंटरला व्हॉल्व्ह मध्यापासून या दोहोंच्या बेरजेइतका, २.७ मिमी सरकलेला हवा. त्यासाठी एक्सेंट्रिक (आसावरची, व्हॉल्व्ह हलवणारी केंद्राबाहेर बसवलेली चकती) क्रँकच्या ९० अंश पुढे ठेवून भागत नाही, आणखी सुमारे ३३ अंश पुढे न्यावं लागतं. वाफ मग स्ट्रोकच्या साधारण ७३ टक्क्यांवर तुटते. आता लीड कमी वाटलं म्हणून कुणी व्हॉल्व्हच्या दोन्ही कडांवर कानस मारून ०.२ मिमी घालवले, तर लीड दुप्पट झालेलं दिसेल आणि गडी खूश होईल. पण तेवढाच लॅप कायमचा गेला. एक्सेंट्रिक जरासं फिरवलं असतं तरी लीड वाढलंच असतं.

म्हणून आधी दोन्ही टोकांचं लीड मोजायचं. पुढे जास्त आणि मागे कमी असेल तर स्पिंडलवरचे (व्हॉल्व्हच्या दांड्यावरचे) नट फिरवून व्हॉल्व्ह फरकाच्या निम्मा सरकवायचा. चालत्या इंजिनात हाच दोष भकभक एकसारखी न येण्यातून कानाला कळतो. दोन्हीकडे सारखंच कमी किंवा सारखंच जास्त असेल, तर एक्सेंट्रिकचा कोन बदलायचा.

हे सगळं डेड सेंटर अचूक सापडलं तरच, आणि डोळ्याने ते सापडत नाही. ४० मिमी स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक तीन अंश चुकला तर पिस्टन जेमतेम ०.०३ मिमी हलतो, व्हॉल्व्ह मात्र ०.२ मिमीहून जास्त. आपलं सगळं लीड तेवढंच होतं! त्यामुळे क्रॉसहेड (पिस्टनचा दांडा जिथे जोडला जातो तो सरकता ठोकळा) टोकाच्या थोडं अलीकडे असताना स्लाइड बारवर (तो ज्यावर सरकतो त्या पट्टीवर) आणि चाकावर खूण करायची; क्रॉसहेड टोकाला जाऊन परत त्याच खुणेवर आला की चाकावर दुसरी खूण. दोन्ही खुणांचा मध्य म्हणजे डेड सेंटर.

वॉलशार्ट्स गिअर या व्हॉल्व्ह गिअरच्या प्रकारात (बेल्जियमच्या एजिद वॉलशार्ट्स यांचं पेटंट १८४४ चं) गंमत अशी की लीडही जुळणीत राहत नाही. क्रॉसहेडला जोडलेला कॉम्बिनेशन लिव्हर लॅप आणि लीड दोन्ही देतो, म्हणजे त्यात भोकं पाडतानाच लीड ठरलं. तिथे तपासायचं ते वेगळंच : क्रँक डेड सेंटरवर ठेवून रिव्हर्सर (पुढे-मागे जाण्याची दिशा ठरवणारा लिव्हर) पूर्ण पुढून पूर्ण मागे न्या. स्पिंडल हलता कामा नये. हलला तर रिटर्न क्रँक (इथे एक्सेंट्रिकचं काम करणारा, क्रँकपिनवरचा छोटा क्रँक) किंवा एक्सेंट्रिक रॉडची लांबी तपासा, व्हॉल्व्हला हात लावू नका.

स्टीफन्सन लिंक या दुसऱ्या प्रकारात उलट. रॉड उघडे (एक्सेंट्रिक लिंककडे असताना एकमेकांना न छेदणारे) असतील तर रिव्हर्सर मध्याकडे आणत जाल तसं लीड आपोआप वाढतं. फुल गिअरमध्ये (रिव्हर्सर एका टोकाला असताना) ते नावापुरतंच ठेवावं, हवं तर शून्य.