साच्याचं साल : प्लास्टिकच्या लढाऊ विमानामागचा इतिहास

सोलापुरात आज कुणी स्पिटफायर किंवा हरिकेन या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानांचं किट, म्हणजे जोडून मॉडेल करायच्या सुट्या भागांचा संच, मागवलं, तर खोकं कोरं करकरीत असतं आणि त्यावरचं चित्र झळझळीत असतं. आतले भाग मात्र कधी कधी पन्नास वर्षांपूर्वी कोरलेल्या पोलादी साच्यातून निघालेले असतात. पंखाच्या मुळाशी राहणारी फट, पृष्ठभागावर उठून आलेल्या रेषा, कडेने पसरलेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा यांतला बहुतेक त्रास त्या साच्याच्या वयातून येतो. म्हणून किट निवडताना खोक्यावरच्या सालाआधी साच्याचं साल पाहावं, असं आमचं ठाम मत आहे. त्यासाठी हा छंद कोणत्या वळणांनी इथवर आला हे माहीत असलेलं बरं.

सुरुवात प्रमाणापासून करू. विमानांच्या किटमध्ये सर्वांत जास्त चालणारं प्रमाण १/७२ आहे. त्याचा उगम इंच-फुटांत आहे : एका इंचात सहा फूट, म्हणजे सहा फुटी वैमानिक एक इंचाचा. १९३२ मध्ये ब्रिटनमध्ये 'स्कायबर्ड्स' नावाने लाकूड आणि धातूच्या भागांची किटं आली, त्यांनी हे प्रमाण धरलं. १/४८ मध्ये पाव इंचाला एक फूट पडतो. स्पिटफायरच्या पंखांचा खरा विस्तार ११.२३ मीटर, म्हणजे १/७२ मध्ये साधारण १५६ मिलिमीटर आणि १/४८ मध्ये २३४. घरातली जागा आणि खिसा दोन्ही पाहता पहिल्या विमानासाठी १/७२ पुरे.

प्लास्टिक आलं १९३६ च्या अखेरीस. 'फ्रॉग' या ब्रिटिश कंपनीने 'पेंग्विन' मालिकेत ग्लॉस्टर ग्लॅडिएटरसारखी विमानं १/७२ मध्ये काढली. हे प्लास्टिक सेल्युलोज अ‍ॅसिटेट होतं आणि त्याचा मोठा दोष म्हणजे काळाबरोबर ते आकसतं, पिळवटतं. त्या काळातली टिकलेली मॉडेलं पंख वाकलेलीच सापडतात ती यामुळे.

मग युद्ध आलं आणि मॉडेल ही गरजेची वस्तू झाली. आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं, हे तोफेवरच्या माणसाला क्षणात ओळखता यायला हवं. अमेरिकेच्या नौदलाने १९४२ मध्ये शाळांतल्या मुलांकडून लाकडी ओळख-मॉडेलं करून घेतली. उद्दिष्ट ५ लाखांचं होतं, प्रमाण १/७२ आणि रंग नुसता काळा, कारण लांबून दिसते ती आकृतीच. या कामाने १/७२ हे प्रमाण पक्कं रुजवलं. आकृतीच्या अचूकतेला मान देण्याची सवयही तेव्हाची आहे, आणि तीच या छंदाचा कणा आहे. रंगाची छटा थोडी चुकली तर चालून जातं, पण स्पिटफायरच्या पंखाची लंबगोलाकार कड चुकली तर ते स्पिटफायर राहत नाही.

युद्धानंतरच्या कहाणीत एअरफिक्सचं नाव टाळता येत नाही. निकोलस कोव्ह या हंगेरियन निर्वासिताने १९३९ मध्ये ही कंपनी काढली ती हवा भरायच्या रबरी खेळण्यांसाठी. पुढे तिथे प्लास्टिकचे कंगवे निघू लागले. १९५२ मध्ये वूलवर्थच्या दुकानांसाठी 'गोल्डन हाइंड' या जहाजाचं छोटं किट करायचं ठरलं. किंमत फक्त २ शिलिंग ठेवायची होती, म्हणून खोकं गेलं, पिशवी आणि वर कागदी पट्टी आली, आणि अ‍ॅसिटेटच्या जागी पॉलिस्टायरीन आलं. पैसे वाचवण्यासाठी केलेल्या या बदलाने छंदाला टिकाऊ पदार्थ मिळाला. त्याच दशकात एअरफिक्सचं पहिलं विमान आलं, तेही स्पिटफायरच.

पॉलिस्टायरीनचे गुण आणि खोडी दोन्ही साच्यात ठरतात. वितळलेलं प्लास्टिक मोठ्या दाबाने पोलादी साच्याच्या दोन अर्ध्यांमध्ये घुसतं आणि थंड होताना किंचित आकसतं. भाग जिथे जाड असतो तिथे वरच्या बाजूला खळगा पडतो. थंड झालेला भाग साच्यातून ढकलून काढणाऱ्या पिना गोल ठसे सोडतात. ते कॉकपिटच्या आतल्या भिंतीवर किंवा चाकांच्या झाकणांवर हमखास दिसतात. साचा हजारो वेळा उघडमीट होऊन झिजला की दोन अर्ध्यांच्या सांध्यातून प्लास्टिक बाहेर येतं, तोच कडेचा पापुद्रा. तो दिसला की साचा वापरून वापरून थकलेला आहे असं धरा : प्रत्येक भाग सुट्टा करून कडा घासाव्या लागतील आणि जोडण्याआधी कोरडी जुळणी (गोंद न लावता भाग बसवून पाहणं) करावीच लागेल.

साचे महाग असतात, त्यामुळे कंपन्या बुडाल्या तरी साचे मरत नाहीत, हात बदलतात. फ्रॉग १९७६ च्या सुमारास बंद पडली. तिचे बरेच साचे सोव्हिएत संघात गेले आणि 'नोव्हो' नावाने पुन्हा विकले गेले; जर्मन-जपानी विमानांचे साचे सोव्हिएतांनी घेतले नाहीत, ते रेव्हेल या दुसऱ्या किट-कंपनीकडे गेले. एअरफिक्स १९८१ मध्ये कोसळली, १९८६ मध्ये हंब्रॉल आणि २००६ मध्ये हॉर्नबी या कंपन्यांकडे आली. प्रत्येक वळणावर जुना साचा नव्या खोक्यात शिरला. खरं साल शोधायचं तर पंखाच्या किंवा धडाच्या आतल्या बाजूला कोरलेली अक्षरं पाहावीत, किंवा इंटरनेटवर किटच्या क्रमांकाने साच्याचा इतिहास पाहावा.

रेषांवरूनही काळ ओळखता येतो. खऱ्या विमानाचे पत्रे जिथे जुळतात त्या रेषा जुन्या किटांवर उठावाच्या असतात, कारण साच्याच्या पोलादात खाच कोरणं सोपं होतं. १९७३ मध्ये खेळण्यातल्या गाड्या करणारी मॅचबॉक्स किटांमध्ये उतरली ती दोन-तीन रंगांच्या प्लास्टिकमध्ये, पण तिच्या रेषा चरासारख्या खोल होत्या. बारीक खोदलेल्या रेषांची चांगली शिस्त जपानी कंपन्यांनी लावली. आता संगणकावर आरेखन होतं, संग्रहालयातलं खरं विमान लेझरने मोजलं जातं, आणि नव्या साच्याचे धडाचे दोन अर्धे बोटांनी दाबले तरी जुळतात. जुन्या साच्यात मात्र धडाचा सांधा घासताना उठावाची रेषा पुसली जाते. ती परत आणायला जाड चिकट लेबल-टेपची पट्टी कडेसारखी लावावी आणि सुईने तीन-चार हलके हात फिरवावेत. एकदाच जोर दिला तर सुई घसरते आणि पंखावर ओरखडा राहतो.

भारतात ही किटं फार काळ बाजारात नव्हतीच. आयातीवर बंधनं होती, म्हणून परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून जे येईल ते. इथला छंद बाल्सा लाकडावर वाढला, आणि एनसीसीच्या हवाई विभागातल्या एरोमॉडेलिंगने तो जागा ठेवला. १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरची उरलेली संख्यात्मक बंधनं उठली आणि वाट मोकळी झाली. पुढे खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. स्केल मॉडेलही जकातीच्या भाषेत खेळण्यांतच मोडतात. स्वस्त म्हणून जुन्या साच्याचं किट घेण्याचा मोह होतो तो इथे. पण पुट्टी, पॉलिश पेपर आणि वेळ धरला तर नव्या साच्याचं साधं १/७२ किट बहुधा स्वस्तच पडतं.

सामानाबाबत सोलापुरात अडत नाही, फक्त काय टाळायचं ते ठाऊक हवं. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळणारं एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर पॉलिस्टायरीन सरळ खातं. त्याने ब्रश धुवावा, मॉडेलला लावू नये. इनॅमल रंगाला मिनरल टर्पेंटाइन आणि अल्कोहोलवर चालणाऱ्या अ‍ॅक्रिलिकला आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं. त्याच दुकानातली एनसी पुट्टी फटी भरायला चालते, पण पातळ थर द्यावा आणि दोन थरांत किमान काही तास जाऊ द्यावेत. जाड थरातलं द्रावण खालचं प्लास्टिक मऊ करतं आणि आठवड्याने तिथे खळगा दिसतो. पॉलिश पेपर ४००, ८००, १२०० आणि शेवटी २००० नंबरचा, पाण्यात बुडवून.

जुळणीचा क्रम असा. स्प्रूचे, म्हणजे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिचे, सगळे भाग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून धुवावेत, साच्याचं तेल राहिलं तर रंग सुटतो. भाग कापताना निप्पर १ मिलिमीटर दूर धरावा आणि उरलेला खुंट ब्लेडने काढावा. चिकटून कापलं तर प्लास्टिकचा लचका निघतो. कॉकपिट आधी रंगवून मगच धड बंद करावं. सांध्याला पातळ द्रव गोंद ब्रशने लावला की तो आपोआप आत ओढला जातो आणि प्लास्टिक वितळवून जोडतो. दाबल्यावर बारीक मणी बाहेर आला तर सांधा भरला. २४ तास त्याला हात लावू नये. त्याआधी घासलेला सांधा पुढे आकसतो आणि रंगाखालून रेघ वर येते. स्पिटफायरचे पंख टोकाकडे सुमारे ६ अंश वर उचललेले असतात. गोंद सुकेपर्यंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टेप ताणून ठेवली तर तो कोन टिकतो आणि मुळाशी फटही कमी राहते. कॅनोपीला, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाला, सुपरग्लू कधीच लावू नये, त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते. साधं फेव्हिकॉल पुरे.

इथलं हवामान हा स्वतंत्र विषय आहे. एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर असताना एअरब्रशमधून (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनमधून) निघालेला अ‍ॅक्रिलिकचा थेंब पृष्ठभागावर पोचायच्या आधीच सुकतो आणि हाताला खरखर लागते. उपाय : सकाळी सातच्या आत काम, रिटार्डरचे (रंग सुकणं लांबवणाऱ्या द्रावणाचे) काही थेंब, ०.३ मिलिमीटरच्या नोझलला १५ ते २० पीएसआय दाब आणि अंतर नेहमीपेक्षा कमी. कूलर लावलेल्या खोलीत लॅकर फवारू नये, ओल्या हवेने ते दुधट होतं. पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीजवळ यंत्रमाग असतील तर हवेत सुताचे बारीक तंतू असतात आणि चकचकीत ओल्या थरावर ते हटकून बसतात. अर्धा तास आधी फरशीवर पाणी शिंपडावं, पंखा बंद ठेवावा आणि फवारून होताच मॉडेलवर डबा उपडा घालावा. तयार मॉडेल उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये, पातळ भाग वाकतात.

भारतीय हवाई दलाचं विमान करायचं असेल तर इतिहासाला पर्याय नाही. दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. युद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपानी विमानांच्या लाल गोलाशी गल्लत नको म्हणून विमानावरच्या ओळखचिन्हाच्या चक्रातला लाल रंग काढला गेला. त्या काळातल्या हरिकेनवर गडद आणि फिक्या निळ्याचंच चक्र हवं. स्वातंत्र्यानंतर निळं अशोकचक्र आलं, आणि २६ जानेवारी १९५० पासून बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा असा गोल. काश्मीरच्या १९४७-४८ च्या मोहिमेतल्या टेम्पेस्ट या लढाऊ विमानावर तिरंगी गोल लावणं ही सर्रास दिसणारी चूक आहे. शंका असेल तर दिल्लीच्या पालम संग्रहालयात वापिती, हरिकेन, स्पिटफायर आणि टेम्पेस्ट उभी आहेत, त्यांची छायाचित्रं समोर ठेवावीत. फक्त संग्रहालयातला रंग नंतरचाही असू शकतो हे ध्यानात ठेवून.

नॅट या छोट्या जेट लढाऊ विमानाबाबत सापळा वेगळा आहे. १९६५ मध्ये पाकिस्तानी सेबर विमानं पाडणारं आणि १९७१ मध्ये श्रीनगरवर निर्मलजित सिंग सेखोन यांनी उडवलेलं नॅट एक आसनी होतं. बाजारात सहज मिळणारी किटं मात्र बहुतेक ब्रिटिश दोन आसनी प्रशिक्षण विमानाची. त्याचा पंखविस्तार ७.३२ मीटर, एक आसनीचा ६.७५, धडही लांब. १/७२ मध्ये पंखांतच ८ मिलिमीटरचा फरक पडतो, तो नुसत्या कॅनोपी बदलून झाकत नाही. म्हणून खोक्यावर एक आसनी असल्याची खात्री करूनच घ्यावं. नॅटला तीन चाकं आणि मागे झुकणारा तोल आहे, तेव्हा धड बंद करण्याआधी नाकात शिशाचे तुकडे भरून भाग टेपने जुळवावेत आणि मुख्य चाकांच्या जागी तोलून पाहावं. १९६५ चं नॅट चंदेरी होतं, आणि चंदेरी रंग प्रत्येक ओरखडा दाखवतो. त्याखाली २००० नंबरपर्यंत घासून चकचकीत काळा थर द्यावा. १९७१ चं करायचं तर त्यावर छद्मरंग येतो आणि काम बरंच सोपं होतं.

डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं) लावण्याआधी चकचकीत क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, हवाच. मॅट रंगाच्या खडबडीत पृष्ठात हवा अडकते आणि डिकॅलखाली चंदेरी डाग दिसतात. जुन्या किटातले डिकॅल पिवळे पडले असतील तर कागद खिडकीच्या काचेला आतून टेपने लावावा. सोलापूरच्या उन्हात काही दिवसांत पिवळेपणा उतरतो. नको असलेला एक तुकडा आधी पाण्यात टाकून पाहावा, तो विस्कटला तर पूर्ण कागदावर क्लिअर फवारून सुकू द्यावा आणि मग प्रत्येक चिन्ह कडेने कापून घ्यावं. पाणी बोअरचं वापरू नये, क्षारांचे पांढरे डाग डिकॅलभोवती राहतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्यावं. लावून झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच पाण्याच्या ओल्या बोळ्याने गोंदाचे ठसे पुसावेत आणि मगच मॅट कोट द्यावा.